आभारप्रदर्शन आणि खुशाली



वार्षिक सर्वसाधारण सभेत आभार मानायला जो संचालक उभा राहतो त्याची आम्हांला नेहमी दया येते. अध्यक्षांचे भाषण होते, अहवालावर वाद होतो, उसाच्या दरावरून मंडप दणाणतो, ऐनवेळचे विषय होतात, आणि "आता आभारप्रदर्शन" एवढे दोन शब्द माइकवरून निघाले की निम्मा मंडप चपला हुडकू लागतो. तो बिचारा कागद हातात धरून पोलीस खात्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे वाचतो. ती ऐकायला स्वतः मंडपवालाच तेवढा थांबलेला असतो, तोही खुर्च्या मोजत.

ह्यात सभासदांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. आभार कागदावरचे झाले की असेच होणार. शिवाय "धन्यवाद" हा शब्द आपल्या शिवारात कोणी बोलत नाही. शेजाऱ्याने रात्री दोन वाजता उठून आपल्या सरीत पाणी वळवून दिले तर आपण म्हणतो, "बरं झालं बाबा, तू हुतास म्हणून." नाहीतर काहीच म्हणत नाही आणि सकाळी त्याच्या घरी ओल्या शेंगांची पाटी पाठवतो. आईला कोणी थँक्यू म्हणत नाही. म्हटले तर पोराला ताप चढला की काय म्हणून ती कपाळाला हात लावून बघेल. हे सगळे आम्हांला मान्य आहे. आपल्याकडे शब्द नव्हता पण रीत होती. आता रीत सुटत चालली आहे आणि तिच्या जागी शब्दही आलेला नाही, ही आमची तक्रार आहे.

संध्याकाळी डेअरीला दूध घालून मंडळी पारावर टेकली की काय बोलणे चालते ते आठवून पाहा. उतारा पडला. वजनकाट्याचा भरवसा नाही. लाइट रात्रीची. खताचे पोते महागले. हुमणीने खोडवा खाल्ला. टोळी आली ती शेजारच्या फडात गेली. दिवाळीला सवलतीची साखर मिळाली ती बारीक दाण्याची, आणि रांगेत दोन तास मोडले. ह्यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण खरी असूनही ती यादी अर्धीच आहे. त्याच दिवशी वायरमनने भर पावसात खांबावर चढून फ्यूज टाकला, त्याच दिवशी भांगलणाऱ्या बायकांनी दीड एकर रान स्वच्छ केले, त्याच दिवशी म्हैस नीट व्याली. हे पारावर कोणी सांगत नाही. सांगितले तर "तुझं बरं चाललंय की" म्हणून चार माणसे आपल्याकडे संशयाने बघतात. आपल्याकडे चांगले झाले म्हणणे म्हणजे नजर लावून घेणे.

अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्याने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल उपकृत वाटते अशा पाचएक गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहायच्या. तिसऱ्याने नुसते जे घडले ते. असे दहा आठवडे चालले. पहिल्या गटातले लोक आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी निघाले, येणाऱ्या आठवड्याकडे अधिक आशेने पाहू लागले, आणि गंमत म्हणजे त्यांनी व्यायामही जास्त केला. पुढे असे प्रयोग पुष्कळ झाले आणि फरक पडतो तो लहानच असतो असेही दिसून आले. म्हणजे हे काही जादूचे औषध नव्हे. पण लहान फरकाला हसण्याचे आपल्याला कारण नाही. उताऱ्यातल्या पाव टक्क्यासाठी आपण सभा डोक्यावर घेतो. आणि त्या प्रयोगातला दुसरा गट आमच्या पारावर कोणी न बोलावता रोज भरतो, हेही ध्यानात घ्यावे.

आता "सकारात्मक विचार करा" असे उपदेश करणाऱ्यांची जी लाट आली आहे तिच्याशी आमचे फारसे जमत नाही. मोबाइलवर सकाळी सकाळी फुलांच्या चित्रावर सुविचार येतात, ते पाठवणारा स्वतः वाचत असेल असे वाटत नाही. ऊस पाण्याखाली असताना "सगळं छान होईल" म्हणणारा माणूस जवळ नको वाटतो. शेतकऱ्याचा चांगला दृष्टिकोन वेगळ्या जातीचा असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी आले आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा आले. पाणी ओसरल्यावर फडात शिरलेला जाणता माणूस आधी काय करी? तो उसाचा शेंडा धरून पोंगा ओढून बघे. पोंगा हातात आला, कुजका वास आला, तर तो ऊस गेला. पोंगा घट्ट असेल तर ऊस जिवंत आहे. मग साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यायची, चिखलाने माखलेला खालचा पाला काढायचा, वाफसा आला की खताचा हलका हप्ता द्यायचा. म्हणजे काय गेले हे मोजण्याच्या आधी काय शिल्लक आहे हे मोजायचे. नुकसान नाकारायचे नाही. पंचनामा करायचा, भरपाई मागायची, पण आधी पोंगा बघायचा. आम्हांला विचाराल तर सकारात्मक दृष्टिकोनाची ह्याहून चांगली व्याख्या आमच्यापाशी नाही.

त्या पुरात परजिल्ह्यांतून चाऱ्याच्या, धान्याच्या, कपड्यांच्या गाड्या आल्या. कुणाच्या गावच्या, कुणी भरल्या, हे आज किती जणांना सांगता येईल? आपण त्यांना विसरलो ते वाईटपणाने नव्हे. उपकार करणारा डोळ्यांसमोर नसला की त्याची आठवण राहत नाही, एवढेच.

तसे पाहिले तर आपल्या उसाच्या प्रत्येक डोळ्यावर कोणाचे तरी ऋण आहे. आपण "शहाऐंशी बत्तीस" म्हणतो, पण त्याच्या आधीचा "को" म्हणजे कोइमतूर, हे कित्येक लागणकऱ्यांना ठाऊक नसते. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली निघाले. तिथे बार्बरसाहेब आणि टी. एस. वेंकटरामन ह्यांनी गोड उसाचा संकर रानटी उसाशी केला आणि १९१८ मध्ये को २०५ हा वाण दिला. ज्या रानटी उसाला कोणी बांधावर उभे केले नसते त्याच्याकडून काटकपणा घेतला. आपल्या को ८६०३२ चा क्रमांक १९८६ सालचा. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून, जे १९३२ पासून नीरेच्या काठी काम करते आहे, तो 'नीरा' नावाने १९९६ मध्ये प्रसारित झाला. मधली दहा वर्षे कोणीतरी उन्हात बसून सऱ्या मोजल्या, कांड्या मोजल्या, ब्रिक्स तपासला, आणि शेकडो रोपे नापास करून टाकली. आम्ही त्या माणसांची नावे सांगू शकत नाही. पण त्यांच्या जिवावर ह्या भागात किती स्लॅब पडले, किती लग्ने झाली, किती पोरे इंजिनिअर झाली, ह्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी बसून करावा.

कारखान्याचेही तेच. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचा पहिला हंगाम निघाला. त्यानंतर आपल्यासारखे कारखाने उभे राहिले. आपल्याही कारखान्याचे भाग घेताना कुणी बैल विकला, कुणी बायकोची बोरमाळ गहाण टाकली. त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत. ती कार्यक्रमाला आली तर आपण त्यांना पुढे बसवतो, शाल घालतो, फोटो काढतो, आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली की घड्याळ बघतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कृतज्ञता म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ काही मंडळी सोयीने काढतात. "कारखान्यानं एवढं दिलं आणि तुम्ही बिल विचारता?" असे कोणी म्हणू लागले तर त्याला सांगावे की १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज लागू होते. हा कायदा आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्यांनी बोरमाळ गहाण टाकली त्यांचे स्मरण ठेवणारा सभासदच ताळेबंद नीट वाचेल आणि प्रश्न विचारेल. हिशेब मागणारा कृतघ्न नसतो. (हे आमचे मत आहे. संचालक मंडळाचे समजू नये. पण छापायला त्यांनी हरकत घेतली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.)

आता ज्या विषयासाठी आम्ही लेखणी उचलली तो.

आपल्याकडे बेंदूर असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायचे, दुसऱ्या दिवशी त्यांना न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, झूल चढवायची आणि पुरणपोळी खाऊ घालायची. त्या दिवशी जू नाही. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले त्याच खांद्याला लोणी लावायचे, ही रीत ज्याने काढली त्याला माणसाच्या मनाचे बरेच कळत असले पाहिजे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी लोक मातीचे बैल आणून पुजतात. खंडेनवमीला विळा-खुरपी पुजतात. कारखान्यात तर पूजांना तोटाच नाही. रोलरचे पूजन होते, बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी टाकताना नारळ फुटतो, साखरेच्या पोत्यालाही हळदकुंकू लागते.

आणि ती मोळी ज्याने तोडली तो कुठे असतो? तो त्या वेळी ओढ्याच्या कडेला पाचटाची कोपी उभी करत असतो.

बीड, नगर, जालना, जत, विजापूर अशा भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसांना मिळून एक नाव, तेही हत्याराचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत घरी जाता येत नाही. पहाटे चारला फडात उभे राहायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री अकराला आली तरी उठून भरायची. तीस-पस्तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन बाई ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते तेव्हा खाली उभे राहून आपण "आटपा लवकर" म्हणतो. दरवाढीसाठी त्यांना संप करावे लागतात. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ ठरली ती अशाच ओढाताणीनंतर. २०१९ साली बीड जिल्ह्यात जी पाहणी झाली तिच्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली. त्यात तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या. खाडा पडला की पैसे कापले जातात, हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक. ही बातमी ज्या दिवशी पेपरात आली त्या दिवशीही पारावर उताऱ्याचीच चर्चा होती.

आता सभासद म्हणतील, "ते खुशाली किती मागतात ते लिवा की." लिहितो.

खुशाली हा शब्द किती चांगला. फड तुटला, शेवटची खेप निघाली, शेतकऱ्याचे मन भरून आले आणि त्याने खुशीने टोळीच्या हातावर काही ठेवले, ती खुशाली. कुणी कोंबडे देई, कुणी जोंधळ्याची पायली, कुणी बायकांना चोळीचा खण. शेवटच्या गाडीला उसाची वाढी बांधून वाजत-गाजत गाडी निघे. आज एकरी आकडा आधी ठरतो. दिला नाही तर टोळी दुसऱ्या फडात जाते, ऊस वाळतो, तुरा येतो, वजन घटते. ड्रायव्हरची एंट्री वेगळी. ही लूट आहे आणि तिला खुशाली म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. असे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, गट ऑफिसला लेखी तक्रार करायची, आणि शेतकी खात्याने ती तक्रार दाबता कामा नये. ह्या बाबतीत आम्ही पूर्णपणे सभासदाच्या बाजूला आहोत.

पण खुशाली बिघडली कशी, ह्याचाही विचार केला पाहिजे. आधी आपण खुशीने देणे थांबवले. टोळी फडात आली की विहिरीच्या मोटारीला कुलूप लागू लागले. पिण्याचे पाणी मागायला आलेल्या पोराला "तिकडं कॅनालवर जा" म्हणणारे सभासद आहेत. आपल्याला नावे माहीत आहेत, छापत नाही. वाढे न्यायचे तर भांडण, चुलीला चार काटक्या उचलल्या तर भांडण. देण्याची रीत गेली आणि मागे राहिलेल्या रिकाम्या जागेत वसुली शिरली. मुकादमाला दोष द्या, ड्रायव्हरला द्या, आम्हीही देतो. पण ज्या फडात टोळीला आल्याबरोबर चहा मिळतो, तिथे आकड्यावरून घासाघीस कमी होते, असे आमचे बरीच वर्षांचे निरीक्षण आहे. त्याला आम्ही पुरावा म्हणत नाही. एका म्हाताऱ्या सभासदाला आम्ही विचारले, "तुमच्याकडं तीच टोळी दरसाल कशी येते?" ते म्हणाले, "मी त्यांच्या पोरांची नावं इचारतो, आन् पुढच्या साली ध्यानात ठेवतो." एवढेच.

काही जण म्हणतात, आता तोडणी यंत्र येईल, मग कशाला हवी ही मिनतवारी. येईल, आले आहेच. पण आपली रानं गुंठ्या-गुंठ्यांची, सरी अरुंद, ऊस लोळलेला, आणि काळी जमीन ओली असली की यंत्र बांधावर उभे राहते. अजून कैक हंगाम कोयताच लागणार. आणि यंत्र आले म्हणून आज तोडणाऱ्याचे ऋण फिटले असे होत नाही.

करायचे ते अवघड नाही. फडाच्या कडेला झाकणाचा पाण्याचा पिंप. कोपीसाठी ओढ्यातली नव्हे तर बांधावरची उंचवट्याची जागा, आणि जमले तर एक दिवा. बाई आजारी असली तर "खाडा" हा शब्द न काढता कारखान्याच्या दवाखान्यात नेणारी गाडी. टोळीबरोबर सहा ते चौदा वर्षांची पोरे असतील तर जवळच्या शाळेच्या गुरुजींना कळवणे. कायद्याने त्यांना शाळेत घ्यायचेच असते, पण कुणी कळवतच नाही. मोळीपूजनाला पाहुणे बोलवावेत, जरूर बोलवावेत, पण पाटावर एका ऊसतोड जोडप्याला बसवावे, आणि त्यांची नावे पत्रिकेत छापावीत. कोयत्याची नको, दोघांची. संचालक मंडळाने ह्याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे. बॉयलरपूजेच्या हारांच्या खर्चात हे बसते.

आणि घरच्या माणसांविषयी. कारखाना दरवर्षी सभासदांना डायरी देतो. तिच्यात आपण पाण्याच्या पाळ्या, खताची पोती आणि हातउसने पैसे लिहितो. त्याच पानावर रात्री एक ओळ आणखी लिहावी, की आज कोणामुळे आपले काम सुकर झाले. एका ओळीला दोन मिनिटे लागत नाहीत. महिन्याने पाने उलटून पाहिली तर एकच नाव पुन्हा पुन्हा येते असे ध्यानात येईल, आणि ते नाव बहुधा चुलीपुढे बसलेले असेल. त्या नावाला "भाकरी झकास झालीया" एवढे म्हणायला कोणाची सही लागत नाही. पहिल्या दिवशी ती म्हणेल, "काय पायजे हाय?" तिकडे लक्ष न देता दुसऱ्या दिवशीही म्हणावे.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास यायला लागतील. ज्यांच्या फडाजवळच्या बोअरची मोटार उन्हाळ्यापासून जळून पडली आहे त्यांनी ती आताच भरून घ्यावी. रिवायंडिंगवाल्याकडे हंगामात पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही.